अळीची तारीख, सभागृहाची तारीख

गेल्या ऑक्टोबरात घणसोली गावातून खाडीकडे उतरताना तिवरांचा एक अख्खा पट्टा करपल्यासारखा तपकिरी दिसला. झाडं उभी होती, पण पानांच्या जागी नुसत्या शिरा. रस्त्यावर थांबलेल्यांपैकी कुणी म्हणालं, कंपन्यांनी रसायन सोडलं. कुणी म्हणालं, जागेसाठी मुद्दाम मारली. आत चार पावलं गेल्यावर पाऊस नसताना टपटप आवाज यायला लागला. चिखलावर काळे बारीक दाणे पडत होते. ती अळ्यांची विष्ठा होती.

या अळीचं शास्त्रीय नाव हायब्लिया प्युएरा. सागाची पानं फस्त करणारी म्हणून ती वनखात्याच्या जुन्या ओळखीची. आपल्याकडे ती खाडीच्या तिवरांवरही तुटून पडते, पावसाळा सरता सरता, आणि दोन-तीन आठवड्यांत दिसेनाशी होते. मग तिवरांना नवी पालवी फुटते. या अळीवर बोलायला माणसं जमणार आहेत आणि ती तयारी गावातच चाललीय असं कळलं, तेव्हा मी तिथे जायला लागलो.

दुमजली घराची वरची खोली. जंगलातल्या कीटकांवरची परिषद इथे बांधली जात होती. भरणार होती वाशीच्या एका सभागृहात. दारातच डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरतो. प्रदर्शनात मांडायच्या कीटकपेट्या भिंतीला लावून रचलेल्या असतात आणि त्यांत गोळ्या नसतील, तर टाचणीला टोचलेल्या पतंगांचा भुगा व्हायला वेळ लागत नाही. मेलेल्या किड्यांवर जगणारे भुंगेरे असतात. खिडकी उघडली की खालच्या अंगणात वाळत घातलेल्या जवळ्याचा वास वर येतो. दोन्ही वास एकमेकांना हटत नाहीत. घरी आल्यावर शर्टाला दोन्ही येतात.

सगळा भार प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंवर. विद्यार्थी त्यांना मॅडम म्हणतात, खालचे शेजारी ताई. निबंधांचे सारांश मागवणं, तपासायला पाठवणं, सत्रं पाडणं, बिल्ले छापणं, जेवणवाल्याला पानांचा आकडा देणं, हे कुठल्याही परिषदेला चुकत नाही. कीटकांच्या परिषदेला याखेरीज आणखी लागतं. परदेशी पाहुण्यांसाठी दिल्लीच्या परवानग्या. खाडीत उतरायचं तर कांदळवन कक्षाला पत्र. आणि पाहुण्यांना पाठवायच्या सूचनांत ठळक अक्षरांत एक ओळ: इथला एकही कीटक सोबत नेऊ नये. जैविक विविधता कायदा २००२ सालचा आहे. परवानगीवाचून खिशातून नेलेली एक डबीसुद्धा आयोजकांच्या गळ्याशी येऊ शकते.

मॅडमच्या तोंडी एक आकडा सारखा असतो: चव्वेचाळीस टक्के. केरळ वन संशोधन संस्थेनं निलांबूरच्या कोवळ्या सागबागांत मोजणी केली होती. अळीपासून राखलेली झाडं आणि न राखलेली झाडं यांच्या वाढीत लाकडाची ४४ टक्के तूट निघाली. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. देणगीसाठी फोन केला की त्या आधी ४४ सांगतात, मग परिषदेचं नाव. पत्राच्या पहिल्या परिच्छेदात ४४. उद्घाटनाच्या भाषणाच्या कच्च्या मसुद्यातही ४४.

‘‘आणि तिवरांचा आकडा?’’ मी विचारलं.

‘‘तिवराला भाव कुठाय? भाव नाही त्याचा तोटा कसा मांडणार?’’

कार्यक्रमपत्रिका पाहिली की हे उमगतं. सागाच्या अळीला पहिल्या दिवशी सकाळचं मोठं सत्र, त्यात तिला विषाणूनं मारण्याचे केरळातले प्रयोग. खाडीतल्या त्याच अळीला दुसऱ्या दिवशी जेवणानंतरची वीस मिनिटं. एकच कीटक, पण सागावर तो रोग आणि तिवरावर किरकोळ नोंद. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये कांदळवन तोडायला बंदी केली. कायद्यानं तिवराला राखलं, बाजारानं त्याला कधी मोजलंच नाही. जंगलातल्या कीटकांचं म्हणवणारं हे शास्त्र लाकडाच्या वखारीतून अजून पुरतं बाहेर आलेलं नाही, असं मला तिथे वरचेवर वाटत राहिलं.

दुसरी गोष्ट तारखेची. परिषद जानेवारीत. सभागृह तेव्हा मिळतं, हवा बरी असते, मार्चच्या आत हिशेब द्यायचे असतात. पण जानेवारीत खाडीत ही अळी दिसायची नाही. हे घणसोलीपुरतं नाही. जागतिक वनसंशोधन संघटनेचा, म्हणजे आययूफ्रोचा, उष्ण कटिबंधातल्या वनांच्या रोग-किडींवरचा परिसंवाद केरळात पीचीला भरला तो १९९३ च्या नोव्हेंबरात. निलांबूरच्या सागावर अळीची मोठी धाड येते ती एप्रिल ते जूनमध्ये. कीटकांचे जाणकार जमतात तेव्हा बहुधा कीटक गैरहजर असतो. पाहुणे हिरवीगार तिवरं बघणार आणि तपकिरी तिवरं पडद्यावर.

क्षेत्रभेटीचा कागद घेऊन मॅडम एकदा खाली अंगणात आल्या. जवळा उलटवत बसलेल्या कोळी काकांनी वेळ विचारली. रविवारी दुपारी बारा.

‘‘तिथ कंची?’’

अमावस्या होती. काका हसले. अमावस्या-पुनवेला दुपारी भरती, तीही उधाणाची. तिवरांच्या बुंध्याशी पाणी. दुपारी चिखलात पाय ठेवायचा तर अष्टमी-नवमी धरा, तेव्हा मध्यान्हाला ओहोटी असते. अळीचं विचारलं तर म्हणाले, ‘‘येतान दरवर्साला. खातान न जातान.’’

मॅडमनी भेट शनिवार-रविवारवरून उचलून आठवड्यातल्या नवमीवर टाकली. वाशीच्या सभागृहाची तारीखही त्यासाठी पुढे सरकवली, आणि त्यावरून समितीतल्या दोघांशी फोनवर वाजलं. काकांना क्षेत्रभेटीचे मार्गदर्शक म्हणून बिल्ला छापायला सांगितला. ४४ मात्र जागचा हलला नाही. त्याच्याशिवाय पैसे येत नाहीत हे त्यांना माहीत आहे.

मला विचाराल तर पुढची परिषद ऑक्टोबरात घ्यावी. सभागृह नाही मिळालं तर मांडव घालावा, दोन पाहुणे कमी आले तरी चालतील. अळी घणसोलीला येतेच. तिला निमंत्रण लागत नाही, फक्त तिच्या सोयीनं माणसांनी यायला हवं.