तबकडी सांगत नाही ते

जुनी तबकडी हाती घेतली तर तीवर गायकाचे नाव आढळते. बासरी कोणी वाजविली हे बहुधा आढळत नाही. म्हणून लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहावयाचा, तर वादकांच्या मुखातूनच ऐकावा लागतो. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या चित्रपट-वादकांच्या मुलाखतींवरून २००८ साली ग्रंथ सिद्ध केला. अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीयांचे कार्य त्यामुळे अधिक उजेडात आले.

आपल्या पुण्याचेच पाहा. १९५५ साली येथील आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. छप्पन्न गीते उरली. परंतु तालमीत एखादी सुरावट का बदलली, हे तेथे बसलेल्यांनाच ठाऊक. जी. एन. जोशी आधी भावगीत गायक, पुढे ध्वनिमुद्रिका कंपनीतील अधिकारी. त्यांनी आठवणी लिहून ठेवल्या. असे लिहिणारे थोडे.

स्मृती मात्र घसरते. तेव्हा ‘साल कोणते?’ असे न विचारता ‘तेव्हा बिऱ्हाड कोठे होते, बिदागी काय मिळे?’ असे विचारावे, आणि उत्तर तबकडीच्या क्रमांकाशी ताडून पाहावे.

मेळ्यांत पेटी धरलेले कोणी वृद्ध आपल्या पेठेत असतील, तर त्यांच्याकडे आपण आजच गेले पाहिजे. गाणे पुन्हा वाजविता येते; सांगणारा पुन्हा मिळत नाही.