काकवीचे बिस्किट मऊ का राहते?

पावसाळ्यात बरणीचे झाकण उघडे राहिले की मीठ ओले होते. भाईंदर पूर्वेच्या खारी गावातील मुलांना हे वेगळे सांगायला नको. हा परिसर खाडीचा, पूर्वापार मिठागरांचा आणि दमट हवेचा. तिथे सकाळी बशीत उघडे ठेवलेले कुरकुरीत बिस्किट संध्याकाळपर्यंत मऊ पडते.

हवेतील बाष्प ओढून घेण्याच्या या गुणाला आर्द्रताशोषकता म्हणतात. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ पाणी धरू लागते. मिठात मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेले असेल, तर त्याहून कमी आर्द्रतेतही ते ओलसर होते. साखरेच्या निरनिराळ्या प्रकारांतही हा गुण कमी-अधिक असतो. तो पाहण्यासाठी आपण मसालेदार काकवीची बिस्किटे करू.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात. पाणी कमी होऊन रस दाट होतो, तसतसा त्याचा उत्कलनबिंदू चढतो. सुमारे १०५ अंश सेल्सियसला रस उतरवला तर काकवी मिळते. ११८ अंशांच्या आसपास नेला तर थंड झाल्यावर गुळाची ढेप होते. काकवीत सुमारे पाव भाग पाणी असते. साखरेचा काही अंश फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेला असतो.

आता प्रयोग. ५० ग्रॅम खपली गव्हाचे पीठ, २५ ग्रॅम नाचणीचे पीठ, ३० ग्रॅम तूप, दोन चिमटी खायचा सोडा, चिमूटभर मीठ आणि सुंठ, दालचिनी व लवंगेची थोडी पूड घ्या. असे दोन वाटे करा. एकात ४० ग्रॅम काकवी घाला. दुसऱ्यात ३० ग्रॅम पिठीसाखर आणि १० ग्रॅम पाणी घाला, म्हणजे पाण्याचे प्रमाण सारखे राहील. बिस्किटे एकाच जाडीची थापा. मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली ओव्हनमध्ये १७० अंशांवर १२ ते १४ मिनिटे भाजा.

पहिला फरक रंगाचा. काकवी मुळातच तपकिरी असते, पण भाजताना तिचा रंग आणखी गडद होतो. ग्लुकोज व फ्रुक्टोज यांची पिठातील प्रथिनांच्या अमिनो आम्लांशी क्रिया होते आणि तपकिरी, खमंग पदार्थ तयार होतात. मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. नेहमीची साखर फुटल्याखेरीज या क्रियेत भाग घेत नाही.

दुसरा फरक फुगण्याचा. काकवी किंचित आम्लधर्मी असते. सोड्याशी तिचा संयोग होताच कार्बन डाय-ऑक्साइडचे बुडबुडे निघू लागतात. साखरेच्या गोळ्यात सोड्याला मुख्यतः उष्णतेची वाट पाहावी लागते. सोडा जास्त झाला तर मागे धुण्याचा सोडा उरतो आणि चव साबणासारखी लागते.

तिसरा फरक निवल्यावर कळतो. साखर पुन्हा स्फटिक बनते, म्हणून ते बिस्किट कडक होते. काकवीतील फ्रुक्टोज पाण्याला धरून ठेवते आणि साखरेचे स्फटिकही सहज होऊ देत नाही, म्हणून हे बिस्किट मऊ राहते.

आता पिठाकडे वळू. खपली हा अतिशय प्राचीन गहू. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात त्याची लागवड सुरू झाली. दाण्याला टरफल घट्ट चिकटलेले असते. त्याच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात, तर पोळीच्या नेहमीच्या गव्हात ४२. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतली. तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे गव्हाच्या आठ-नऊ पट. नाचणीत ग्लुटेन नसते, म्हणून तिचे बिस्किट भुसभुशीत होते. खपलीत मात्र ग्लुटेन असते. ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे, त्यांना ‘प्राचीन धान्य’ म्हणून खपली चालेल असे समजणे धोक्याचे आहे.

तशीच पारख ‘गुळाचे, म्हणून पौष्टिक’ या शब्दांची करावी. आपल्या प्रयोगातील ४० ग्रॅम काकवीतून पाणी वजा करा. उरतात ३० ग्रॅम, आणि त्यात बहुतेक साखरच! काकवीत थोडी खनिजे अधिक असतात एवढेच. दुकानातील पुड्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. ‘नाचणी बिस्किट’ अशा ठळक नावाखालच्या यादीत मैदा आणि साखर आधी आणि नाचणी शेवटी असेल, तर काय समजायचे ते तुम्हीच ठरवा.

शेवटी एक काम. दोन्ही प्रकारची बिस्किटे वजन करून उघड्यावर ठेवा. दर दोन तासांनी पुन्हा वजन करून आलेख काढा. कोणते बिस्किट अधिक पाणी ओढते? पावसाळ्यात आणि हिवाळ्यात उत्तर एकच येते का?