एका शिळ्या विनोदाची बखर

ॲलन वॉकर रीड या अमेरिकी भाषाभ्यासकाने १९३४ साली इंग्रजीतल्या सर्वांत कुप्रसिद्ध शिवीवर एक भरभक्कम निबंध लिहिला आणि अख्ख्या निबंधात ती शिवी एकदाही येऊ दिली नाही. पुढल्याच वर्षी त्याने पश्चिम अमेरिकेतल्या सार्वजनिक शौचालयांच्या भिंतींवर लोकांनी खरडलेल्या मजकुराचा कोश काढला. पॅरिसला स्वखर्चाने फक्त ७५ प्रती छापून घेतल्या. असा माणूस मला आवडणारच. पण माझी त्याच्याशी गाठ पडली ती एका अगदी सोवळ्या शब्दापायी. ओके.

हा शब्द कुठे कुठे भेटतो ते सांगत बसत नाही. गॅरेजवाला म्हणतो, डॉक्टर म्हणतात, मुलगी फोन ठेवताना म्हणते. सफरचंदावर ‘ओके टेस्टेड’ असं चिकटवलेलं असतं. कोणी तपासलं, कधी, कशासाठी, याचा पत्ता नसतो. माझं कुतूहल वेगळं होतं. इतका रुळलेला शब्द आला कुठून, असं विचारलं की प्रत्येक जण ठामपणे वेगळं उत्तर देतो. ग्रीक माणूस ‘ओला काला’ सांगतो, स्कॉट ‘ऑख आय’ सांगतो, फ्रेंच माणूस हैतीतल्या ले काय बंदरातल्या रमचं नाव घेतो. अमेरिकी यादवी युद्धात सैनिकांना मिळणाऱ्या ओरिन केंडॉलच्या बिस्किटांवर ही अक्षरं असत, असंही सांगतात. यादवी सुरू झाली १८६१ मध्ये. शब्द त्याआधी वीसेक वर्षं छापला जात होता. सगळे बादरायण संबंध. अस्सल कागदाशिवाय इतिहास नाही हा इतिहासाचार्य राजवाड्यांचा बाणा आपण अभिमानाने सांगतो, पण व्युत्पत्ती म्हटली की खुद्द राजवाड्यांचाही कल्पनेचा वारू चौखूर उधळायचा. तेव्हा बिस्किटवाल्यांना हसण्यात अर्थ नाही.

रीडने मात्र कागद शोधले. १९४१ साली त्याने पहिला निष्कर्ष छापला: शब्द १८४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत जन्मला. दुसरा कोणी तिथेच थांबला असता. रीड जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळतच राहिला आणि १९६३-६४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात त्याने या दोन अक्षरांवर एकामागून एक सहा लेख लिहिले. त्यांत जन्मतारीखच हाती आली: २३ मार्च १८३९, ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’, पान दुसरं.

त्या पानावरचा मजकूर म्हणजे शुद्ध थट्टा. बॉस्टनमध्ये जेवणाच्या घंटा वाजवायला बंदी करणारा एक नियम निघाला होता. त्याच्या विरोधात काही टवाळ मंडळींनी ‘घंटा-वादन-विरोधी मंडळ’ काढलं. नाव विरोधी, काम घंटेची बाजू घेण्याचं. मंडळाचे सदस्य बोटीने न्यूयॉर्कला निघाल्याचं ‘पोस्ट’ने छापलं. प्रॉव्हिडन्सच्या ‘जर्नल’ने ते आपल्या गावावरून जाणार असं गृहीत धरून काहीतरी लिहिलं. त्यावर ‘पोस्ट’चे संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांनी ‘जर्नल’वाल्यांना चिमटा काढला: तुम्ही फार घाई केलीत, आम्ही प्रॉव्हिडन्सचं नावही घेतलं नव्हतं, पण परतताना एखादा सदस्य तुमच्या गावावरून आलाच तर त्याच्यासाठी वर्गणीची पेटी वगैरे सगळं ‘ओ. के.’ ठेवा आणि बाटल्यांची बुचं उडू द्या. ‘ओ. के.’च्या शेजारीच ग्रीन यांनी खुलासा दिला आहे: ऑल करेक्ट, म्हणजे सगळं बरोबर. इंग्रजीत यातला पहिला शब्द ‘ए’ने सुरू होतो, दुसरा ‘सी’ने. ‘सगळं बरोबर’ सांगणारी दोन्ही अक्षरं चूक. विनोद एवढाच.

आज त्यावर कोणी हसणार नाही. तेव्हाही किती जण हसले असतील शंका आहे. पण बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत त्या काळात आद्याक्षरांची साथच आली होती. ‘एन. जी.’ म्हणजे नो गो, जमायचं नाही. ‘जी. टी.’ म्हणजे गॉन टू टेक्सस. कर्ज बुडवून पळालेल्या माणसाबद्दल तसं म्हणत. मग साधे संक्षेप पुरेनात, म्हणून मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगचे निघाले. ‘ऑल राइट’साठी ‘ओ. डब्ल्यू.’, ‘नो यूज’साठी ‘के. वाय.’. हल्लीच्या पोरांच्या मेसेजमधल्या आद्याक्षरांना नाकं मुरडणाऱ्यांनी ही यादी जरूर वाचावी. ते सगळे संक्षेप वर्ष-दोन वर्षांत मेले. ‘ओ. डब्ल्यू.’ आज कोणाला माहीत आहे? ‘ओ. के.’सुद्धा त्याच रांगेत मरायचा. त्याला वाचवलं राजकारणाने.

१८४० मध्ये मार्टिन व्हॅन ब्यूरन दुसऱ्यांदा अध्यक्षपदाला उभे होते. न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक हे त्यांचं गाव. घरात डच भाषा. इंग्रजी मातृभाषा नसलेले ते अमेरिकेचे आजवरचे एकमेव अध्यक्ष. १८३७ च्या आर्थिक मंदीचं खापर त्यांच्या डोक्यावर फुटलेलं. समर्थकांना नाव हवं होतं. त्यांनी ‘ओल्ड किंडरहूक’ घेतलं आणि न्यूयॉर्कमध्ये ‘ओ. के. क्लब’ स्थापन केला. क्लब म्हणजे अभ्यासमंडळ नव्हे. मार्च १८४० च्या अखेरीस या मंडळींनी विरोधी व्हिग पक्षाच्या सभेवर धाड घातली, ती ‘ओ. के.’ असं ओरडतच. एका वर्षात संपादकाचा पाणचट विनोद मारामारीची आरोळी झाला होता.

मग व्हिगांनी तेच हत्यार उलटं फिरवलं. ‘ओ. के.’ म्हणजे ‘औट ऑफ कॅश’, तिजोरी रिकामी, आणि इथेही कॅश मुद्दाम ‘के’ने. आणखी खोडसाळ कथा त्यांनी व्हॅन ब्यूरन यांचे गुरू अँड्र्यू जॅक्सन यांच्यावर रचली. म्हातारा अडाणी, ‘ऑल करेक्ट’चं स्पेलिंग येत नसे, म्हणून सरकारी कागदांवर ‘ओ. के.’ असा शेरा मारायचा. कथा धादांत खोटी होती, म्हणूनच बहुधा देशभर पसरली. व्हॅन ब्यूरन सपाटून हरले: निर्वाचक मंडळात २३४ विरुद्ध ६०. उमेदवार गेला, घोषणा राहिली.

जॅक्सनची कथा विरोधकांनी रचली खरी, पण तिच्यासाठी पुढे पुरावाही ‘सापडला’. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत बोलका कागद हाच. १८५९ मध्ये टेनेसीच्या इतिहासावर लिहिताना ए. डब्ल्यू. पटनम यांनी समनर परगण्याच्या कोर्टातली ऑक्टोबर १७९० ची एक नोंद पुढे आणली. तरुण वकील जॅक्सन यांनी एक विक्रीखत कोर्टात सिद्ध केलं आणि शेवटी शेरा ‘ओ. के.’! म्हणजे बॉस्टनच्या आधी तब्बल एकोणपन्नास वर्षं. जॅक्सनचे चरित्रकार जेम्स पार्टन यांनी लगेच शंका काढली: अक्षर ‘के’ नसून ‘आर’ असावं. ‘ओ. आर.’, म्हणजे ‘ऑर्डर्ड रेकॉर्डेड’, नोंदीचा हुकूम झाला. कोर्टाच्या कारकुनांचा नेहमीचा शेरा. मोडी वाचणाऱ्यांना हा घोळ समजावून सांगायला नको. कारकून घाईत असला की एका फाटीने इतिहास बदलतो. रीडनेही ‘ओ. आर.’च मानलं आणि ‘अँड्र्यू जॅक्सनला स्पेलिंग येत होतं का?’ हा स्वतंत्र लेख लिहून बाकी पिल्लंही निकालात काढली.

पण विक्रीखत कशाचं होतं? एका गुलामाचं. विकणारा ह्यू मॅकगॅरी, घेणारा गॅस्पर मॅन्स्कर. दोघांची नावं नोंदीत आहेत, वकिलाचं आहे. विकल्या गेलेल्या माणसाचा उल्लेख फक्त ‘एक निग्रो माणूस’ असा. शतकभर विद्वान त्या ओळीच्या शेवटच्या अक्षरावर भिंग धरून बसले.

ही गोष्ट मनात ठेवून पुढचं भांडण पाहावं. १९६९ मध्ये डेव्हिड डॅल्बी या इंग्रज अभ्यासकाने मांडलं की ‘ओके’ पश्चिम आफ्रिकेतून गुलामांसोबत आला असावा. वोलोफ भाषेत ‘वाव’ म्हणजे होय, आणि ‘के’ त्याला जोर देतं: ‘वाव के’, होय तर! रीड बधला नाही. बधण्यासारखा दुवाही डॅल्बीकडे नव्हता. बॉस्टनच्या संपादकाचा विनोद स्वतःचा खुलासा स्वतःच देतो, त्याला आफ्रिकेची गरज पडत नाही. मी रीडच्या बाजूचा आहे. तरीही त्याच्या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती त्याने फारशी मोकळेपणाने कबूल केली नाही. छापील कागद ज्यांचे राहिले त्यांचीच भाषा त्याला सापडणार. ज्या माणसाचं नाव कोर्टाने लिहिलं नाही, त्याचा होकार कोणत्या वर्तमानपत्रात मिळणार?

व्युत्पत्तीचं आणखी एक घराणं चोक्टॉ या अमेरिकी मूलनिवासींचं. त्यांच्या भाषेतला होकारार्थी ‘ओके’ हाच मूळ शब्द, असं अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना इतकं पटलं होतं की ते कागदपत्रांवर ‘ओ-के-ई-एच’ असं चार अक्षरी स्पेलिंग लिहीत. १९१८ मध्ये ऑटो हाइनमान यांनी त्याच स्पेलिंगची रेकॉर्ड कंपनी काढली. नावात स्वतःची आद्याक्षरंही बसवली आणि तबकडीवर मूलनिवासी माणसाचा चेहरा छापला. मेमी स्मिथची १९२० ची ‘क्रेझी ब्लूज’ याच कंपनीची. व्युत्पत्ती चुकली, धंदा चालला.

१८४० नंतरची बाकी वर्षं भरभर ओलांडतो. तारायंत्रवाल्यांनी ‘संदेश पोचला’ म्हणून हीच दोन अक्षरं उचलली. शब्द जगभर नेण्यात त्यांचा वाटा माझ्या मते चित्रपटांहून मोठा. ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावची १८८१ ची चकमक ‘ओ. के. कोराल’ या घोड्यांच्या आवारामुळे अजरामर झाली. प्रत्यक्षात ती आवारात झालीच नाही, थोड्या अंतरावरच्या मोकळ्या जागेत झाली. १९६१ मध्ये पहिले अमेरिकी अंतराळवीर ॲलन शेपर्ड यांच्या तोंडी ‘ए-ओके’ घातलं गेलं, ते नासाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने. कॉम्प्युटरवरचं ‘ओके’चं बटणसुद्धा पहिल्या पसंतीचं नव्हतं. ‘ॲपल’च्या अभियंत्यांना हा शब्द फार अघळपघळ वाटला, म्हणून त्यांनी ‘डू इट’ लिहिलं. चाचणीला बसवलेल्या एकाने ते जोडून ‘डोल्ट’, म्हणजे मठ्ठ, असं वाचलं आणि तो भडकला. मग मुकाट्याने ‘ओके’. पाणबुड्यांमध्ये अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक आहे. अंगठा वर केलात तर जोडीदार पृष्ठभागाकडे निघेल. तेच वर्तुळ ब्राझीलमध्ये करू नये. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेत २५ वर्षांच्या क्लोई स्वारब्रिक यांनी एका ज्येष्ठ सदस्याच्या टोमण्याला ‘ओके बूमर’ अशा दोनच शब्दांत गप्प केलं. होकाराचा शब्द तिथे ‘बास झालं’ या अर्थाने आला.

आपल्याकडे येऊ. २०२२ च्या जून महिन्यात सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं, पक्षातल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीच्या हॉटेलातून केलेलं फोनवरचं संभाषण महाराष्ट्रभर फिरलं. झाडी, डोंगार, हाटील आणि सगळं ओक्के. मराठीने किंडरहूकला न विचारता त्या शब्दाला शब्दयोगी अव्ययही लावून टाकलं आहे: ‘ओक्केमधी’. दोन महिने गेले नाहीत तोच विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी त्याला ‘खोके’चं यमक जुळवलं. सत्तारूढ गटाने पैसे घेतल्याचा आरोप फेटाळला, पण घोषणा लग्नाच्या वरातीपर्यंत जाऊन पोचली. १८४० चा न्यूयॉर्क वाचलेल्याला यात नवल वाटत नाही. खुशीत उच्चारलेला शब्द विरोधकांनी उचलायचा आणि त्याच माणसाच्या अंगावर फेकायचा, हा या शब्दाचा पहिल्यापासूनचा धंदा आहे. कुठल्याही कोशकारापेक्षा ‘ओके’ला जगवलं ते निवडणूकबाज टवाळांनी.

राहता राहिला ट्रक. ‘हॉर्न ओके प्लीज’मुळे वाहनचालक विनाकारण भोंगे वाजवतात म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये व्यावसायिक वाहनांच्या पाठीवर ते लिहायला बंदी केली. अक्षरं तरीही भेटतातच. पण मधल्या ‘ओके’चा अर्थ काय? दुसऱ्या महायुद्धात डिझेल मिळेना म्हणून ट्रक रॉकेलवर चालत, तेव्हा ‘ऑन केरोसीन’चा हा इशारा, असं सांगतात. टाटांच्या ‘ओके’ साबणाची ती जाहिरात, असंही सांगतात. मूळ ‘ओव्हरटेक’चा संक्षेप ‘ओ-टी-के’ होता, मधला ‘टी’ झिजून गेला, अशीही एक थिअरी आहे. तिन्ही चटकदार, आणि तिन्हींच्याही मागे तारखेचा कागद नाही. केरोसीनची कथा मला थेट ओरिन केंडॉलच्या बिस्किटांची धाकटी बहीण वाटते. ट्रक रंगवणाऱ्या पेंटरांनी आपली नावं टाकली नाहीत, तारखा घातल्या नाहीत, आणि त्यांची कला वर्तमानपत्रांच्या लेखी बातमी नव्हती. रीडची युक्ती इथे चालणार नाही. इथे फोटोच शोधावे लागतील.

तेव्हा वाचकांना विनंती. घरातल्या जुन्या अल्बममध्ये १९६५ च्या आधीचा, मागची बाजू दिसणारा ट्रकचा एखादा फोटो असेल, सहलीचा, अपघाताचा, नव्या गाडीच्या पूजेचा, तर तो टाकून देऊ नका. फोटोमागची तारीख आणि गाव वाचता येईल अशी प्रत या अंकाच्या संपादकांकडे पाठवा. ‘हॉर्न’ आणि ‘प्लीज’च्या मध्ये काहीच लिहिलेलं नसेल, तर ती प्रत आधी पाठवा.