तलावाच्या भिंतीला गंज

अमेरिकेत घरामागच्या अंगणात जमिनीवरच उभारलेले, पोहण्याचे गोल तलाव सर्रास दिसतात. 15 फूट व्यासाच्या, 4 फूट खोल तलावात सुमारे 20 टन पाणी मावतं. ते अडवते कोण? जस्त चढवलेल्या पोलादाचा पातळ पत्रा! आतून फक्त प्लास्टिकचं अस्तर. पाणी बाहेर रेटतं आणि पत्रा पिंपाच्या कड्यासारखा चहूबाजूंनी ताणला जातो.

गंज बहुधा पाणी गाळणीकडे नेणाऱ्या तोंडाखाली धरतो. तिथे पत्रा कापलेला, म्हणजे कडेला जस्त नाही. रबरी वायसर म्हातारा झाला की क्लोरीनचं पाणी थेंबथेंब झिरपतं. रंगाला फोड येतात, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो.

त्यावर नुसता रंग फासणं ही शुद्ध फसवणूक. आधी गळती थांबवा. मग तलाव रिकामा करून, अस्तर सोडवून, तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत खरवडा आणि जस्तयुक्त प्रायमर लावा. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं; आपल्याकडच्या छपराच्या पत्र्यांनाही तेच वाचवतं. लहान भोकावर आतून जस्ती पत्र्याचं ठिगळ रिव्हेटने बसवा. ठिगळाच्या कडा चिकटपट्टीने झाका, नाहीतर अस्तर फाटलंच म्हणून समजा.

रिकाम्या तलावाच्या पत्र्यात स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. तळाशी हातभर पट्ट्यात तो आरपार जात असेल, तर ठिगळांच्या नादी लागू नका. भिंतच बदला.