शिमल्याची डोंगरधार आणि तिच्यावरची ठिकाणे

हिमाचल प्रदेशाची राजधानी शिमला एका अरुंद डोंगरधारेवर वसली आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवरची ही धार दोन मोठ्या नदीखोऱ्यांची सीमारेषा आहे. तिच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून सतलजला मिळतो आणि सिंधूवाटे अरबी समुद्रात जातो. दक्षिण उतारावरचे पाणी गिरी नदीतून यमुनेला आणि पुढे गंगेला मिळून बंगालच्या उपसागरात पोचते. महाबळेश्वरच्या माथ्यावरून कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला उतरते, तसाच हा प्रकार. मात्र शिमल्यात या पाणी वाटणाऱ्या माथ्यावरच चर्च, बाजारपेठ आणि सरकारी कचेऱ्या उभ्या आहेत. शहरातली आणि आसपासची बहुतेक प्रेक्षणीय ठिकाणे याच धारेवर किंवा तिच्या फाट्यांवर आहेत. त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे धारेच्या अंगाने गेले, की हा परिसर नीट समजतो.

ब्रिटिशांनी १८६४ मध्ये शिमला ही हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी केली. दर उन्हाळ्यात व्हाइसरॉयसह अख्खे सरकार कागदपत्रांच्या पेट्यांनिशी मैदानातून वर येई. जाखू, एलिझियम, बँटनी, इनव्हरआर्म, ऑब्झर्व्हेटरी, प्रॉस्पेक्ट आणि समर हिल या सात टेकड्यांवर शहर पसरत गेले. २५ जानेवारी १९७१ रोजी हिमाचलला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला. आज पर्यटकांना दिसणारे शिमला त्या उन्हाळी राजधानीच्या वास्तूंभोवती वाढलेले आहे.

रिज, मॉल आणि जाखू

शहराच्या मधोमध असलेल्या मोकळ्या सपाट जागेला ‘रिज’ म्हणतात. हिमशिखरांच्या रांगा पाहायला आणि ऊन खायला लोक इथे जमतात. पायाखाली १८८० च्या दशकात बांधलेली पाण्याची टाकी आहे, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. विटा आणि चुन्यात बांधलेल्या या टाकीत सुमारे ४५ लाख लिटर पाणी मावते आणि शहराच्या काही भागांना आजही तिथून पाणी मिळते. पाणी उंच जागी साठवले, की उतारावरच्या घरांपर्यंत ते आपोआप उतरते, हा त्यामागचा साधा हिशेब. रिजची उत्तरेकडची, लक्कड बाजाराच्या अंगाची बाजू मात्र वर्षानुवर्षे खचत आहे.

रिजच्या पूर्व टोकाला १८५७ मध्ये विधिवत समर्पित झालेले क्राइस्ट चर्च आहे. त्याच्या रंगीत काचांच्या खिडक्या प्रसिद्ध आहेत. पश्चिम टोकाला, जिथे रिज आणि मॉल रोड एकत्र येतात, त्या चौकाला ‘स्कँडल पॉइंट’ म्हणतात. तिथे लाला लजपतराय यांचा पुतळा आहे. जवळच १८८७ मध्ये सुरू झालेले गेइटी थिएटर आहे. त्याचा आराखडा वास्तुविशारद हेन्री आयर्विन यांचा. छोटेखानी नाट्यगृह आणि उत्तम ध्वनियोजना यांमुळे नाट्यवेड्या मराठी प्रवाशाने ते आतून पाहावे असे आहे.

मॉल रोडवर सर्वसाधारण वाहनांना बंदी आहे. गाड्या खालच्या कार्ट रोडवर थांबतात आणि तिथून माणसे पायऱ्यांनी किंवा लिफ्टने वर येतात. वस्ती उभ्या उतारावर असल्याने शिमल्यात दोन जागांमधले अंतर नकाशावर दिसते त्याहून पायांना जास्त जाणवते.

शहरातला सर्वांत उंच बिंदू जाखू टेकडी. साधारण २,४५० मीटर उंचीच्या या माथ्यावर हनुमानाचे जुने मंदिर आहे. संजीवनी आणायला निघालेला हनुमान इथे विसावला, अशी श्रद्धा आहे. २०१० मध्ये उभारलेली १०८ फुटांची मूर्ती देवदारांच्या शेंड्यांवरून डोकावते आणि शहराच्या अनेक भागांतून दिसते. रिजपासून मंदिरापर्यंतची पायवाट लांबीला थोडी, पण छाती भरून आणणाऱ्या चढाची आहे. २०१७ पासून रोपवेचीही सोय आहे. इथली माकडे डोळ्यांवरचे चष्मे आणि हातातल्या पिशव्या सफाईने पळवतात.

लक्कड बाजाराजवळ १९२० पासून चालत आलेले उघड्यावरचे बर्फाचे स्केटिंग रिंक आहे. संध्याकाळी मैदानावर पाणी सोडतात आणि ते रात्रीच्या थंडीत गोठते. यंत्राने बर्फ करावा लागत नाही. त्यामुळे हंगाम किती दिवसांचा, हे सर्वस्वी आकाश निरभ्र आणि रात्री पुरेशा थंड असण्यावर ठरते. अलीकडच्या उबदार हिवाळ्यांनी तो आखडला आहे.

पश्चिमेची टोके

रिजपासून पश्चिमेकडे चालत गेले, की ऑब्झर्व्हेटरी हिल लागते. इथे १८८८ मध्ये पूर्ण झालेले व्हाइसरॉयचे निवासस्थान, व्हाइसरीगल लॉज, आहे. त्याचेही वास्तुविशारद आयर्विनच. करड्या दगडांची बाह्य भिंत, आत ब्रह्मदेशी सागवानाचे काम आणि विजेचे दिवे, असा त्या काळचा थाट होता. १९४५ ची शिमला परिषद इथेच झाली. स्वातंत्र्यानंतर ही इमारत राष्ट्रपतींकडे होती. राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने ती विद्येच्या कामासाठी देण्यात आली आणि १९६५ मध्ये तिथे भारतीय उच्च अध्ययन संस्थेचे उद्घाटन झाले. इमारतीचा काही भाग आणि भोवतीची बाग पर्यटकांना पाहता येते.

जवळचे पीटरहॉफ हे व्हाइसरॉयचे आधीचे निवासस्थान. फाळणीनंतर पूर्व पंजाबचे उच्च न्यायालय तिथे भरत असे आणि गांधीहत्या खटल्यातील अपिलांची सुनावणी १९४९ मध्ये तिथेच झाली. जुनी वास्तू १९८१ मध्ये जळाली. आज तिच्या जागी हॉटेल आहे.

रिजच्या उत्तरेला, खाली देवदारांच्या कड्यात अन्नाडेलचे विस्तीर्ण मैदान आहे. ड्युरँड चषक फुटबॉल स्पर्धा १८८८ मध्ये प्रथम इथेच खेळली गेली. मैदान लष्कराच्या ताब्यात असून शेजारी लष्करी वस्तूंचे संग्रहालय आहे. त्याच्याखालच्या ग्लेनच्या जंगलातून ओढ्याकाठी चालण्याच्या वाटा आहेत. समर हिलजवळचा चॅडविक धबधबा पावसाळ्यातच भरून वाहतो. उन्हाळ्यात त्याच्यासाठी मुद्दाम खाली उतरण्यात अर्थ नाही. सूर्यास्तासाठी प्रॉस्पेक्ट हिलवरच्या कामना देवी मंदिराचे आवार चांगले.

वर आणणारी गाडी

१९०३ मध्ये सुरू झालेली कालका–शिमला रेल्वे हे शिमल्याला पोचण्याचे साधन आहे आणि स्वतंत्रपणे पाहण्याची गोष्टही. ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून ही गाडी ९६ किलोमीटरांत सुमारे १,४०० मीटर वर चढते. एवढा चढ थेट घेणे शक्य नसल्याने मार्ग डोंगराच्या घड्यांमधून शेकडो वळणे घेत जातो. वाटेत शंभरहून अधिक बोगदे आणि आठशेहून अधिक पूल आहेत. बरेचसे पूल एकावर एक कमानी रचून बांधले आहेत. कनोहजवळचा पूल तर चार मजली आहे. बडोग येथील १,१४३ मीटरांचा बोगदा या मार्गावर सर्वांत लांब. तो खणताना दोन्ही बाजूंचे खोदकाम जुळले नाही आणि मग भलकू नावाच्या स्थानिक साधूने वाट दाखवली, अशी कथा सांगतात. त्याच्या नावाने शिमल्यात रेल्वेचे छोटे संग्रहालय आहे. २००८ मध्ये युनेस्कोने या मार्गाचा जागतिक वारशात समावेश केला. दिवसाच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली, तर खालचे चीड वृक्ष मागे पडून देवदार कधी सुरू होतात, हे डोळ्यांनी पाहता येते.

ढल्लीच्या पुढे

शहराच्या पूर्वेला ढल्ली येथे रस्ता फुटतो. एक फाटा सतलजच्या बाजूला मशोबऱ्याकडे वळतो. मुख्य रस्ता धारेच्या अंगाने कुफ्रीकडे जातो. हा मुख्य रस्ता म्हणजे लॉर्ड डलहौसीच्या काळात, १८५० मध्ये काम सुरू झालेला हिंदुस्थान–तिबेट मार्ग. आजचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५.

ढल्ली आणि कुफ्री यांच्या दरम्यान सुमारे १० चौरस किलोमीटरचे पाणलोट अभयारण्य आहे. शहराला पाणी पुरवणारे झरे टिकावेत, म्हणून ब्रिटिश काळापासून इथल्या वृक्षतोडीवर निर्बंध आले. परिणामी देवदार, कैल आणि बान ओक यांचे जुने, दाट जंगल शहराला खेटून शिल्लक राहिले. उत्तरेकडच्या उतारांवर ऊन कमी पडते, ओल टिकते, म्हणून तिथे देवदार घनदाट वाढतो. दक्षिणेकडचे उतार कोरडे आणि गवताळ असतात. एकाच धारेच्या दोन बाजू एवढ्या वेगळ्या दिसण्याचे कारण हे. अभयारण्यात जाण्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते.

मशोबरा शिमल्याहून साधारण १२ किलोमीटरवर आहे. तिथले राष्ट्रपती निवास २०२३ पासून सर्वसामान्यांसाठी खुले झाले. लाकडी चौकटींत दगडमाती भरून रचलेल्या त्याच्या भिंतींना ‘धज्जी’ म्हणतात. लाकडाची चौकट भूकंपाच्या हादऱ्यात थोडी वाकते, पण सहसा कोसळत नाही. १९०५ चा कांगडा भूकंप अनुभवलेल्या या प्रदेशात अशा बांधणीचे मोल मोठे आहे. पुढे २२ किलोमीटरच्या आसपास नालदेहरा लागते. लॉर्ड कर्झनच्या पसंतीतून तयार झालेले गोल्फचे मैदान इथे देवदारांच्या मधून वर-खाली पसरलेले आहे.

नालदेहऱ्यापासून रस्ता सतलजच्या खोऱ्यात झपाट्याने उतरतो आणि तत्तापानीला पोचतो. दीड हजार मीटर खाली आल्याने हवा एकदम गरम होते. इथल्या गंधकयुक्त गरम पाण्याच्या मूळ झऱ्यांची जागा कोलडॅमच्या जलाशयात बुडाली. आता काठावर खोदून काढलेले पाणी कुंडांत घेतात. मकर संक्रांतीच्या स्नानाला इथे मोठी गर्दी होते.

कुफ्री हे शिमल्याच्या पर्यटनातले सर्वांत गजबजलेले टोक. सुमारे २,६०० मीटर उंचीमुळे इथे शिमल्याहून अधिक बर्फ पडते आणि टिकते. महासू शिखराकडे घोड्यांवरून नेण्याचा धंदा इथे जोरात आहे. घोड्यांच्या वाढत्या संख्येमुळे जंगलातल्या वाटा उखडल्या आणि माती धुपू लागली. गर्दीपासून दूर जायचे असेल, तर हिमालयन नेचर पार्क बरे. अस्वल, बिबट्या आणि मोनाल हा हिमाचलाचा पूर्वीचा राज्यपक्षी तिथे पाहायला मिळतो.

नारकंडा, हाटू आणि सफरचंदांचा मुलूख

कुफ्रीनंतर फागू आणि ठियोग मागे टाकत रस्ता शिमल्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या नारकंड्याला पोचतो. उंची सुमारे २,७०० मीटर. हिवाळ्यात इथल्या उतारांवर स्कीइंग चालते. जवळचे हाटू शिखर जवळपास ३,४०० मीटर उंच आहे. माथ्यावर कोरीव लाकूडकामाचे हाटू मातेचे मंदिर असून स्वच्छ दिवशी बर्फाच्छादित रांगांचा मोठा पट्टा दिसतो. वर जाणारा रस्ता अरुंद आणि खड्या वळणांचा आहे. अनेकजण तो चालतच चढतात. हिवाळ्यात बर्फामुळे तो बंद असतो.

नारकंड्याहून सतलजच्या अंगाला उतरले, की कोटगढ आणि ठाणेदार ही सफरचंदांची गावे लागतात. १९०४ मध्ये कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आलेले अमेरिकन सॅम्युएल स्टोक्स इथे स्थायिक झाले. त्यांनी १९१६ मध्ये अमेरिकेतून ‘रेड डिलिशस’ जातीची रोपे आणून लावली. थंड हिवाळा, उतारावरची निचऱ्याची जमीन आणि उन्हाळ्यातले स्वच्छ ऊन या जातीला मानवले आणि काही दशकांत डोंगरशेतीचे रूप पालटले. स्टोक्स स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, पुढे हिंदू होऊन सत्यानंद झाले. त्यांनी बांधलेले मंदिर ठाणेदारमध्ये आहे. एप्रिलमध्ये बागा फुलतात; ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तोडणी ऐन भरात असताना महामार्गावर ट्रकांच्या रांगा लागतात.

चैल

धारेच्या दक्षिणेला, शिमल्यापासून सुमारे ४५ किलोमीटरवर चैल आहे. पतियाळाच्या महाराजांनी इथे आपली उन्हाळी राजधानी वसवली. त्यांचा राजवाडा आता हॉटेल आहे. डोंगरमाथा सपाट करून १८९३ मध्ये तयार केलेले इथले क्रिकेट मैदान जगातले सर्वांत उंच म्हणून ओळखले जाते. सध्या ते लष्करी शाळेच्या वापरात आहे. भोवतालचे ओक आणि देवदारांचे अभयारण्य पक्षीनिरीक्षकांच्या आवडीचे आहे.

पाणी, दरडी आणि जाण्याची वेळ

धारेवर वसण्याची किंमतही शहर मोजते. माथ्यावर मोठी नदी नाही. अभयारण्यातले झरे वाढत्या वस्तीला पुरत नाहीत. म्हणून सतलजच्या बाजूला गुम्मा आणि यमुनेच्या बाजूला गिरी येथून पाणी पंपांनी वर चढवावे लागते. मे २०१८ मध्ये, ऐन पर्यटनाच्या हंगामात, शहरात तीव्र पाणीटंचाई झाली आणि पर्यटकांनी येऊ नये असे आवाहन स्थानिकांना करावे लागले. दुसरा धोका दरडींचा. उभ्या उतारांवर बांधकामाचे ओझे आणि वर मुसळधार पाऊस, असा योग आला की जमीन सुटते. १४ ऑगस्ट २०२३ रोजी समर हिलजवळचे शिवमंदिर दरडीखाली गेले आणि अनेकांचा बळी गेला. रेल्वेमार्गाखालचा भरावही वाहून गेल्याने रूळ अधांतरी लोंबत राहिले.

म्हणून जुलै आणि ऑगस्ट हे महिने प्रवासासाठी टाळावेत. महाराष्ट्रातील शाळांच्या सुट्ट्यांमुळे मराठी कुटुंबे बहुधा मे महिन्यात जातात. तेव्हा हवा सुखद असते, पण गर्दी आणि पाण्याचा ताण सर्वाधिक असतो. मार्चअखेर ते एप्रिल या काळात बुरांशाची लाल फुले जंगलभर दिसतात. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश धुतलेले असते आणि हिमशिखरे सर्वांत स्पष्ट दिसतात. दिवाळीची सुट्टी त्यासाठी सोयीची. बर्फ पाहायचे असेल तर जानेवारी-फेब्रुवारी, पण हिमवृष्टीत ढल्लीच्या पुढचा रस्ता बंद पडू शकतो हे गृहीत धरून एखादा दिवस हाताशी राखावा. रिज, जाखू आणि व्हाइसरीगल लॉज दोन दिवसांत पायी पाहून होतात; मशोबरा-नालदेहऱ्यासाठी एक, नारकंडा-ठाणेदारसाठी मुक्कामासह दोन आणि चैलसाठी एक दिवस ठेवला, की हा परिसर घाई न करता पाहता येतो.