मातीतील शत्रू आणि वृक्षांचे आरोग्य

झाड वाळू लागले की आपण प्रथम पाने पाहतो, मग खोड पाहतो. मुळांकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु पुष्कळ वृक्षांचे मरण मातीतूनच येत असते. स्पेन व पोर्तुगाल या देशांत ओक वृक्षांची विस्तीर्ण राने आहेत. तेथील झाडे वाळण्याचे एक प्रमुख कारण ‘फायटोफ्थोरा’ नावाचा मातीत राहणारा सूक्ष्म जीव होय. १८७६ साली डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘वनस्पतींचा संहारक’. याच कुळातील एका जीवाने १८४५ पासून आयर्लंडातील बटाट्याचे पीक नासविले आणि तेथे भयंकर दुष्काळ पडला.

हा शत्रू आपल्यापासून दूर नाही. बालाघाटच्या पश्चिमेस सौसर-पांढुर्णा आणि पुढे काटोल-वरूडकडे संत्र्याच्या बागांत ‘डिंक्या’ व ‘मूळकूज’ हे रोग पडतात, तेही याच कुळातील जीवांमुळे. पावसाळ्यात माती पाण्याने भरली म्हणजे त्यांचे बीजाणू दोन बारीक शेपट्यांच्या साह्याने पोहत कोवळ्या मुळांपर्यंत जातात. तंतुमुळे कुजतात, आणि पाणी असूनही झाडाला ते घेता येत नाही. पाने पिवळी पडतात, बुंध्यातून डिंक पाझरतो. माती सुकली तरी जाड कवचाचे बीजाणू जिवंत राहतात व चिखल, अवजारे आणि कलमांच्या मुळांची माती यांबरोबर नव्या जागी पोहोचतात.

मातीतील सर्वच सूक्ष्म जीव घातक असतात असे मात्र नाही. बैहरच्या रानातील सालवृक्षाच्या मुळांशी बुरशी सख्याने नांदते. ती झाडाला पाणी व क्षार मिळवून देते. झाड तिला शर्करा पुरविते.

आपला जिल्हा धानाचा. बांधीत साचलेले पाणी धानाला मानवते, पण संत्र्या-लिंबाच्या मुळांना ते मारक ठरते. म्हणून परसात वा शेतात ही झाडे लावताना उंच, निचऱ्याची जागा निवडावी. कलमाचा डोळा मातीच्या वर राहू द्यावा. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून आळे दुहेरी करावे. पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावावे. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी घ्यावे. रोपे घेताना मुळे तपासून पाहावीत. कुजकी मुळे दिसल्यास ते रोप घेऊ नये. एकदा जमिनीत शिरलेला हा रोग तेथून समूळ काढणे फार कठीण असते. तेव्हा येत्या पावसाळ्यात खड्डा खणण्याआधी तेथे पाणी किती वेळ साचते, एवढे प्रत्येकाने अवश्य पाहावे.