थंड देशातील परसबागेत हिरवे सोयाबीन

सोयाबीन म्हटले की लातूरच्या बाजारातील पिवळ्या दाण्यांच्या राशी आपल्या डोळ्यांसमोर येतात. याच सोयाबीनच्या शेंगा जपानमध्ये हिरव्या असतानाच तोडून मिठाच्या पाण्यात उकडतात आणि आतले गोडसर दाणे खातात. त्यांचे तेथील नाव ‘एदामामे’, म्हणजे फांदीवरचे दाणे. इंग्लंडमधील लेस्टरसारख्या शहरात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना घरामागील वाफ्यात हे पीक घेता येईल काय? निश्चित येईल, मात्र गावाकडील बियाणे तेथे उपयोगी पडत नाही.

याचे कारण केवळ थंडी नव्हे. सोयाबीनला फुलण्यासाठी लांब रात्र लागते. महाराष्ट्रात वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तासांचा असतो, तर लेस्टरला जूनमध्ये तो जवळजवळ १७ तासांचा. त्यामुळे आपल्याकडचे वाण तेथे नुसते पानांनी माजते, फुलोरा लांबतो आणि शेंगा भरण्यापूर्वीच थंडी येते. स्वीडनमध्ये स्वेन होल्मबर्ग यांनी विकसित केलेली ‘फिस्केबी’ वाणे अशा मोठ्या दिवसांतही वेळेवर फुलतात. ‘एन्व्ही’ हेही लवकर तयार होणारे वाण आहे.

दुसरी दक्षता पेरणीची. गार, ओल्या मातीत दाणे उगवण्याऐवजी कुजतात. म्हणून एप्रिलअखेर किंवा मेमध्ये घरातील उबदार खिडकीजवळ लहान कुंड्यांत, सुमारे ३ सेंटिमीटर खोल, दाणे पेरावेत. रोपे आठवडाभर दिवसा बाहेर व रात्री आत ठेवून हवेला सरावू द्यावीत. गोठवणाऱ्या रात्रींचे भय सरल्यावर, जूनच्या आरंभी, भरपूर ऊन असलेल्या जागी १५ सेंटिमीटर अंतराने ती लावावीत. सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरणारे जिवाणू तेथील मातीत सहसा नसतात. म्हणून पेरताना बियाण्यास सोयाबीनचे जिवाणू संवर्धक चोळणे हितकर. कोवळ्या रोपांवर गोगलगायी येतात. त्यांना न मारताही रोपे राखता येतात: प्लास्टिकच्या बाटलीची कडी कापून प्रत्येक रोपाभोवती बसवावी.

फुले स्वपरागित असल्याने परागणाची चिंता नाही. परंतु फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत पाण्यात खंड पडू देऊ नये. ऑगस्टअखेर वा सप्टेंबरमध्ये शेंगा टचटचीत भरतात. त्या पिवळ्या पडण्यापूर्वीच तोडाव्यात. आठवडाभराचा विलंबही गोडी घालवितो. एका झाडावरील बहुतेक शेंगा एकाच सुमारास तयार होतात, म्हणून उरलेल्या उकडून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. शेंगा चार-पाच मिनिटे उकडून दाणेच खावेत, टरफल टाकून द्यावे. शेवटी झाड उपटू नये. बुंध्याशी कापून मुळे मातीतच राहू द्यावीत.

थंड देशात या पिकाला वर्षाकाठी एकच संधी मिळते. वाण चुकले, तर ते सप्टेंबरमध्ये कळते आणि तेव्हा पुन्हा पेरणी करता येत नाही. म्हणून निवड बियाण्याच्या पाकिटापाशीच नीट व्हावी.